बॉक्सिंगचे वादग्रस्त निकाल : खरंच लुटलं, की आपला गडी हरला म्हणून ओरड?

खासबागची माती (धागाकर्ता)

आपल्या खासबाग मैदानात वरच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही मल्लाची पाठ मातीला लागलेली दिसते. १९१२ साली खुलं झालेलं हे मैदान शाहू महाराजांनी बांधूनच तसं घेतलं. दोन्ही खांदे टेकले की वाद उरत नाही. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झाला तरच अशी सोय. नाहीतर रिंगच्या कडेला बसलेले तीन किंवा पाच जज जे लिहितील तो निकाल. म्हणून या खेळात दर मोठ्या लढतीनंतर "लुटलं, लुटलं" सुरू होतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. यातली बहुतेक ओरड चुकीची आहे, आणि तिच्यामुळे ज्यांच्यावर खरोखर दिवसाढवळ्या अन्याय झाला त्यांची प्रकरणं दुबळी होतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले, पार्कने ३२. सगळा मिळून तीन राउंडांचा खेळ. निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने. हे प्रकरण आणि "मला वाटतं सातवा राउंड आमच्या माणसाचा होता" ही तक्रार एका रांगेत कशी बसवायची?

लोक लढत एका तुकड्यात बघतात, जज राउंडाराउंडाने लिहितो. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. थोडक्यात जिंकला तरी १०-९, आणि धुऊन काढला पण खाली पाडलं नाही, तरी बहुतेक वेळा १०-९च. त्यामुळे एखादा पाच राउंड दणक्यात जिंकतो, सात राउंड थोडक्यात हरतो आणि ११५-११३ ने हरतो. घरी टीव्ही बघणाऱ्याला ते पाच राउंडच आठवतात.

मी कुठलाही वादग्रस्त निकाल बघताना एवढंच तपासतो : या निकालापर्यंत यायला किती राउंड डोळे झाकून द्यावे लागतात? एक-दोन घासाघाशीचे राउंड इकडून तिकडे केले की निकाल पटत असेल, तर ती लूट नव्हे. चार-पाच उघड राउंड फिरवावे लागत असतील तर मग बोलू. आता मंडळींनी आपापली उदाहरणं टाकावीत.

डावखुरा

मग सुरुवात मॅनी पॅकियाओपासून करू. ९ जून २०१२, लास वेगस. टिमथी ब्रॅडलीचा हात वर केला तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. ठोशांचा हिशेब पॅकियाओ २५३, ब्रॅडली १५९. तिघांपैकी दोन जजनी ११५-११३ ब्रॅडलीला दिले. पुढे डब्ल्यूबीओने, म्हणजे पट्टा देणाऱ्या संघटनेने, पाच जजकडून रेकॉर्डिंग तपासून घेतलं, पाचही जणांनी पॅकियाओला जिंकवलं. आणखी काय पुरावा हवा?

खासबागची माती

पुरावा बळकट आहे आणि माझ्याही मते पॅकियाओच जिंकला होता. पण तिसऱ्या जजचं कार्ड बघा. जेरी रॉथनी पॅकियाओला जिंकवलं, ते ११५-११३ नेच. म्हणजे पॅकियाओच्या बाजूच्या जजनेही ब्रॅडलीला पाच राउंड दिले होते. दुसऱ्या दोघांनी त्यापेक्षा दोन राउंड जास्त दिले. निकाल चुकला असं मी म्हणेन, दोन जजनी खराब काम केलं असंही म्हणेन. लुटलं म्हणायला मी तयार नाही.

आणि ब्रॅडलीचं काय झालं ते विसरू नका. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तो किती खचला होता हे त्याने पुढे स्वतः सांगितलं. त्या माणसाने पाय दुखावलेले असताना बारा राउंड काढले. कार्ड त्याने लिहिली नव्हती.

डावखुरा

ब्रॅडलीबद्दल १०० टक्के सहमत. शिव्या त्याला कशाला? पण त्या दोन जजपैकी एक सी. जे. रॉस. सव्वा वर्षाने, सप्टेंबर २०१३ मध्ये, त्याच बाईंनी मेवेदर-कॅनेलो लढत ११४-११४ अशी बरोबरीत दिली. बाकीच्या दोघांनी ११६-११२ आणि ११७-१११ मेवेदरला दिलं होतं. एका लढतीवरून माणसावर शिक्का मारू नये हे मान्य. पण इतकं खराब कार्ड दिलेल्या व्यक्तीला पुढची एवढी मोठी लढत मिळते कशी? माझा राग तिथे आहे. पैसे खाल्ले की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, चुकीची किंमत कोणीच मोजत नाही ना.

जुनी तालीम, नवे ग्लोव्ह

मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, स्थानिक स्पर्धांत जजच्या खुर्चीवरही बसलो आहे. टीव्हीवरून न दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

जजला एकच बाजू मिळते. रिंगची दोरी नाकासमोर, कोपऱ्याचा खांब नजरेच्या आड. दोघं भिडले आणि एकाची पाठ तुमच्याकडे आली की पुढे काय चाललंय ते तुम्हाला फक्त खांद्याच्या हालचालीवरून कळतं. ठोसा गालावर बसला की ग्लोव्हवर, याचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. त्यात मागून पब्लिक ओरडत असतं. घरच्या बॉक्सरने हात नुसता फिरवला तरी शिट्ट्या पडतात, पाहुण्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) तोंडावर बसला तरी शांतता. दोन मिनिटं संपली की ताबडतोब निर्णय द्यायचा. मागे जाऊन बघायची सोय नाही.

म्हणून तीन जज तीन बाजूंना बसवतात, पाच असले तर आणखी बरं. तिघांची कार्डं थोडी वेगळी आली तर त्यात नवल नाही. फरक प्रमाणाबाहेर गेला की संशय घ्यायचा. २०१७ ची कॅनेलो-गोलोव्हकिन पहिली लढत घ्या. एकाने ११५-११३ गोलोव्हकिनला, एकाने ११४-११४, आणि अॅडलेड बर्ड यांनी ११८-११० कॅनेलोला. ११८-११० म्हणजे बारापैकी दहा राउंड कॅनेलोचे! लढत बरोबरीत सुटली, आणि निव्वळ बरोबरी हा निकाल मला पटू शकतो. ते कार्ड नाही पटू शकत. १९८७ च्या हॅगलर-लेनर्ड लढतीतही तेच. लेनर्ड थोडक्यात जिंकला असं म्हणणारे जाणकार खूप आहेत, हॅगलर जिंकला म्हणणारेही तितकेच. पण त्यातही एका जजचं कार्ड ११८-११० होतं. हॅगलर त्यानंतर पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही.

निकाल वेगळा आणि कार्ड वेगळं. भांडताना हे दोन्ही एकत्र केलं की गोंधळ होतो.

डावखुरा

सर, लुईस-होलीफिल्डबद्दल सांगा. मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. लुईसचे ३४८ ठोसे, होलीफिल्डचे १३०. आणि निकाल बरोबरी!

जुनी तालीम, नवे ग्लोव्ह

त्यात एक गंमत नव्हे, गंभीर गोष्ट आहे. सगळ्यांनी युजिनिया विल्यम्सना धारेवर धरलं, कारण त्यांनी ११५-११३ होलीफिल्डला दिले. पाचव्या राउंडमध्ये लुईसने होलीफिल्डला दोरीवर दाबून बडवलं, तो राउंडही त्यांनी होलीफिल्डला दिला. पुढे चौकशीत रेकॉर्डिंग पाहिल्यावर तो राउंड लुईसला दिला असता असं त्यांनी मान्य केलं. आता तो राउंड फिरवा. त्यांचं कार्ड ११४-११४ झालं असतं. दुसरा जज ११५-११५, तिसरा ११६-११३ लुईस. दोन बरोबरीची कार्डं आणि एक लुईसचं, म्हणजे निकाल तरीही बरोबरीच! सगळी दुनिया एका राउंडवर तुटून पडली आणि तो राउंड दुरुस्त करूनही लुईसला विजय मिळत नव्हता. माझ्या मते ही लढत मोठ्या अन्यायातच मोडते, कारण एकच राउंड नव्हे, तीन-चार उघड राउंड दोन जणांच्या कार्डांवर उलटे गेले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा लढत झाली आणि लुईस तिन्ही कार्डांवर जिंकला.

गंगावेस

तुमी लोक वेगस न्यूयॉर्क करत बसलाय. आपल्या दारातलं बोला की. जानेवारी २०२३, पुण्यात महाराष्ट्र केसरी. सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. बाहेरची टांग मारली म्हणून महेंद्रला चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत, म्हंजे पाठ मातीकडं वळंल असा, गेलाच नव्हता असं आमच्याकडं लहान पोरगं बी सांगंल. आठवडाभर पेठंत दुसरा विषय नव्हता. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्योच फोटो.

खासबागची माती

भावा, मीही सिकंदरचाच. तो गंगावेस तालमीत घडला, आपल्या डोळ्यांसमोर. पण एक फोटो दाखवून डाव ठरत नाही. डाव चालू असताना शरीर फिरत असतं. अर्धा सेकंद आधीची चौकट घेतली तर चार गुण पटतात, नंतरची घेतली तर दोनच द्यावेसे वाटतात. माझ्या मनात तो निर्णय कडक होता. पण त्या निर्णयानंतर पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली, ते कोल्हापूरच्या कुस्तीला शोभणारं नव्हतं. सिकंदरने उत्तर मैदानात दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला अर्ध्या मिनिटाच्या आत शिवराज राक्षेला चीत करून गदा घेतली. तिथे पंचाला काही ठरवायला जागाच ठेवली नाही.

गंगावेस

त्ये बी खरं. चितपट केली की तक्रार खल्लास. पण दर खेपंला चितपट कशी व्हणार दादा? समोरचा बी दूध-बदाम खाऊनच आलेला असतोय.

पंचगंगेकाठी

मेरी कोमबद्दल कोणीच बोलत नाही? टोकियो, २९ जुलै २०२१, कोलंबियाच्या इंग्रिट वॅलेन्सियाविरुद्ध. तीनपैकी दोन राउंड मेरीने जिंकले. दोन! आणि तरीही ३-२ ने हरली. तिला स्वतःलाही आपण जिंकलो असंच वाटलं होतं. ३८ वर्षांची बाई, चार लेकरांची आई, शेवटचं ऑलिंपिक. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून घरी येऊन रडले. मला कोणी हिशेब सांगू नका.

जुनी तालीम, नवे ग्लोव्ह

ताई, तुमच्या भावनेचा पूर्ण आदर करून सांगतो, कारण या लढतीबद्दलचा गैरसमज फार पसरला आहे.

पाच जज आणि तीन राउंड, म्हणजे एकूण पंधरा मतं. पहिला राउंड चार जजनी वॅलेन्सियाला दिला, एकाने मेरीला. दुसरा ३-२ मेरीचा. तिसरा ३-२ मेरीचा. बेरीज करा : वॅलेन्सिया ४ + २ + २ = ८. मेरी १ + ३ + ३ = ७. दोन राउंड मेरीचे असूनही एकूण मतं वॅलेन्सियाची एकाने जास्त. आणि निकाल "किती राउंड जिंकले" यावर लागत नाही, प्रत्येक जजच्या कार्डावर शेवटी कोण पुढे यावर लागतो. तिथे ३-२.

पहिला राउंड मेरीने सावध काढला आणि तोच नडला. तीन राउंडांच्या खेळात पहिला ४-१ गेला की पुढचे दोन थोडक्यात जिंकून भागत नाही, स्पष्ट जिंकावे लागतात. मी माझ्या मुलींना हेच घोकून घेतो, पहिल्या घंटेपासून कामाला लागा.

पंचगंगेकाठी

आकडे समजले. पण मग प्रत्येक राउंडनंतर ते आकडे खेळाडूला नीट पोचावेत की नाही? मेरीला हरल्याचं रिंगमध्ये कळलंच नाही, नंतर कळलं. आपण मागे आहोत हे माहीत असतं तर ती तिसरा राउंड वेगळा खेळली असती. अन्याय फक्त चुकीच्या गुणांनीच होतो असं नाही.

डावखुरा

+१. हा मुद्दा कोणी काढत नाही. बरोबर आहे ताई.

राधानगरीचा गवा

मी जरा वेगळ्या दिशेने येतो. लूट झाली की नाही हे ठरवताना आपण सगळे रिंगमध्ये बघतोय. मला वाटतं रिंगबाहेर, तक्रारीच्या टेबलावर बघायला हवं.

लंडन २०१२. विकास कृष्णनने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला १३-११ ने हरवलं. आपण टीव्ही बंद करून झोपलो. अमेरिकेने तक्रार केली, रेकॉर्डिंग तपासलं, विकासने तिसऱ्या राउंडमध्ये नऊ वेळा पकडापकडी केली आणि दुसऱ्यात मुद्दाम दातांवरची गमशील्ड बाहेर टाकली असं ठरवून स्पेन्सला चार गुण वाढवून दिले. १५-१३. सकाळी उठलो तर आपला माणूस बाहेर! त्याच ऑलिंपिकमध्ये सुमित सांगवान ब्राझीलच्या यामागुची फाल्काओकडून १५-१४ ने हरला, भारताने तक्रार केली, फेटाळली. जपानचा सातोशी शिमिझू मात्र जिंकला. त्याने शेवटच्या राउंडमध्ये अझरबैजानच्या बॉक्सरला सहा वेळा खाली पाडलं, तरी निकाल विरोधात २२-१७ गेला होता. जपानची तक्रार मान्य झाली, निकाल फिरला, रेफरीला घरी पाठवलं.

आणि आता इंचॉन २०१४, सरिता देवी, आशियाई स्पर्धेची सेमीफायनल. समोर यजमान कोरियाची पार्क जी-ना. सरिताने तिला रिंगभर फिरवून मारलं आणि जजनी एकमताने पार्कला जिंकवलं. तक्रार फेटाळली, जजचा निर्णय तक्रारीचा विषयच होऊ शकत नाही म्हणे. सरिताने व्यासपीठावर ब्राँझ गळ्यात घालून घ्यायला नकार दिला, ते पार्कच्याच गळ्यात घातलं आणि रडत उभी राहिली. बक्षीस काय, तर वर्षभराची बंदी.

खाशाबा जाधवांची हकीकत आपल्याकडे आजही सांगतात. हेलसिंकी १९५२ : एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, मधली हक्काची विश्रांती मिळाली नाही आणि ती भांडून घ्यायला जवळ आपला अधिकारीच नव्हता. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी त्यातूनही ब्राँझ घेऊन आला. अन्याय कोणावरही होऊ शकतो. तो दुरुस्त करून घ्यायची ताकद मात्र सगळ्यांकडे नसते.

खासबागची माती

गवा, फार मोलाचं लिहिलंत. सरिताचं प्रकरण माझ्या कसोटीवर घासून बघितलं तरी लूटच ठरतं. तिथे घासाघाशीचा राउंड शोधून सापडत नाही.

एका गोष्टीवर मात्र थोडा अडतो. विकासचा निकाल फिरवला तेव्हा आपण भारतीय म्हणून चिडलो. पण नियमात फाउल असेल आणि रेकॉर्डिंगवर ते दिसत असेल, तर शिमिझूला एक न्याय आणि स्पेन्सला दुसरा असं आपल्याला म्हणता येणार नाही. माझी तक्रार सरितासाठी तेच दार बंद का ठेवलं, ही आहे.

राधानगरीचा गवा

हो, नेमकं तेच म्हणायचं होतं मला.

डावखुरा

मशीन आणलं की प्रश्न सुटेल का? आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ४५१.४ गुण मिळाले, ब्राँझ मिळालं, एक माणूस वाद घालू शकला नाही. त्याच पॅरिसमध्ये निशांत देव मेक्सिकोच्या मार्को वर्देकडून ४-१ ने हरला आणि विजेंदरसकट सगळे गुणपद्धतीवर प्रश्न विचारत बसले.

जुनी तालीम, नवे ग्लोव्ह

मशीन आणून झालं. रॉय जोन्स प्रकरणानंतर १९९२ च्या बार्सिलोनापासून बटणं आली. पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. परिणाम असा झाला की पोटावरचे ठोसे आणि पटापट मारलेली जोडगोळी मोजलीच जाईना, कारण तिघांची बोटं एकाच वेळी पडायची नाहीत. पोरं लांबून एकेक जॅब टाकायला शिकली. खेळच बदलला, आणि वाद काही थांबले नाहीत. २०१३ पासून बटणं काढून दहा गुणांची पद्धत आणली. मग रिओ २०१६. आयर्लंडच्या मायकेल कॉनलनला हरवून पुढे गेलेला रशियाचा निकितिन इतका मार खाल्लेला होता की सेमीफायनलला उतरूच शकला नाही. त्या स्पर्धेतले सगळे ३६ रेफरी-जज पुढच्या काळासाठी बाजूला काढले, आणि २०२१ मध्ये मॅक्लारेन यांच्या स्वतंत्र चौकशीने रिओत निकालांत फेरफार करण्याची यंत्रणा चालू होती असं नोंदवलं. म्हणजे तिथे संशय घेणारे बरोबर होते.

गोळी कागदाला भोक पाडते, ते मोजता येतं. ठोसा किती जोरात आणि कुठे बसला हे अजून माणसालाच ठरवावं लागतं. माणूसच ठरवणार असेल तर त्याचं कार्ड रोजच्या रोज तपासा, सातत्याने चुकणाऱ्याला घरी बसवा. मला एवढाच उपाय दिसतो.

एक राहिलं. पार्क सी-हुनबद्दल वाईट बोलू नका. त्याने त्याच दिवशी रिंगमध्ये जोन्सला उचलून घेतलं होतं. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत जोन्सच्या घरी जाऊन ते सुवर्णपदक त्याच्या हातात दिलं. ऑलिंपिक समितीच्या चौकशीत लाचेचा पुरावा सापडला नव्हता, निकाल बदलला नव्हता. तरी पदक पोचलं.

गंगावेस

ह्ये माहीतच नव्हतं सर. पार्क मानूस म्हणून लई मोठा निघाला.

कळंब्याची आई

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी मुलगी नववीत, बॉक्सिंग करते. मध्यंतरी एका शालेय स्पर्धेत ती लाल कोपऱ्यात होती. तिन्ही राउंड तीच पुढे चालत होती, समोरची मुलगी मागे मागे. शेवटी समोरचीच्या नाकातून रक्तही आलं. आणि हात निळ्याचा वर केला. कार्ड दाखवा म्हटलं तर टेबलावरच्यांनी उत्तरही दिलं नाही. मुलगी आता म्हणते, सोडते. तुमच्या हिशेबात हे कुठे बसतं?

जुनी तालीम, नवे ग्लोव्ह

ताई, लढत न बघता निकाल चूक की बरोबर हे मी सांगणार नाही. पण बघायचं कसं ते सांगतो. तुमच्याकडे मोबाइलचं चित्रण असेल. आवाज पूर्ण बंद करा. पहिला राउंड दोनदा बघा : एकदा फक्त निळ्या मुलीचे हात, एकदा फक्त तुमच्या लेकीचे. ग्लोव्हवर, कोपरावर, खांद्यावर बसलेले सोडून द्या. तोंडावर किंवा पोटावर, मुठीच्या पुढच्या भागाने बसलेले तेवढे लिहा. पुढे चालत जाण्याला गुण नसतात. मागे सरकत सरकत जॅब टाकणारी मुलगी राउंड जिंकू शकते, आणि रक्त एका जॅबनेही येतं. राउंड संपला की लगेच १०-९ लिहा, मग पुढचा. मुलीला शेजारी बसवून तिच्याकडूनही वेगळं कार्ड लिहून घ्या. तुमचं बघून लिहू देऊ नका.

कार्ड बघायला मागण्यात तुमची काही चूक नाही. पुढच्या वेळी मुलीच्या प्रशिक्षकांना मागायला सांगा, लढत संपल्या संपल्या, लेखी. पालकाला हुसकावून लावणं सोपं असतं, संघाच्या प्रशिक्षकाला तितकं नाही.

पंचगंगेकाठी

मुलीला सांगा, इथे आम्ही सगळे तिच्या बाजूने आहोत.

कळंब्याची आई

बघितलं सर, जसं सांगितलंत तसं. पहिला राउंड समोरचीचा, माझ्याही कार्डावर आणि लेकीच्याही. तिसरा आमचा, दोघींच्या कार्डावर. दुसऱ्यात फरक आला. मी आमचा लिहिला, तिने समोरचीचा! म्हणाली, आई, तुला जे बसलेले वाटतायत ते तिच्या ग्लोव्हवर गेलेत, मला हाताला कळलं होतं. आता आमच्या दोघींत त्यावरून वाद चाललाय. दुसऱ्या राउंडचं चित्रण तुम्हाला निरोपात पाठवते, मुलींचे चेहरे दिसतात म्हणून इथे टाकत नाही.

जुनी तालीम, नवे ग्लोव्ह

पाठवा. रविवारपर्यंत बघून कळवतो. आणि ती संध्याकाळी सरावाला येणार असेल तर येऊ दे, दुसऱ्या राउंडमध्ये समोरची जॅब टाकून डावीकडे सरकत असेल तर तिला कोपऱ्यात कसं कोंडायचं ते दाखवतो.